स्वयंचलित गिअरच्या मोटारीचा ‘पिकअप’ मंदावल्यास

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडील कागल-गडहिंग्लज या सर्व टापूतील रस्त्यांचे रूप पालटते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथपणे साखर कारखान्यांच्या दिशेने जात असतात. पुणे-बंगळूर महामार्गावर त्यांना ओलांडण्यास पुरेशी जागा असते. परंतु महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा अंदाज घेऊनच पुढे जावे लागते. अशा वेळी मोटारीने चालकाच्या पायाला तत्काळ प्रतिसाद देणे अगत्याचे असते. या प्रतिसादालाच आपण बोलीभाषेत ‘पिकअप’ म्हणतो. शास्त्रीय परिभाषेत तो प्रवेग होय.

पिकअप मंदावणे ही केवळ गैरसोय नव्हे, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला असून समोरून एक वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे, असे समजा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी, पुढचे व मागचे सुरक्षित अंतर आणि मोटारीची स्वतःची लांबी जमेस धरता मोटारीला ट्रॅक्टरपेक्षा ४५ मीटर अधिक अंतर काटावे लागते. मोटारीचा वेग दर सेकंदाला ताशी ७ किलोमीटरने वाढत असेल, तर या कामास पावणेसात सेकंद लागतात आणि समोरचे वाहन आरंभी किमान १९५ मीटर दूर असावे लागते. हीच वेगवाढ निम्म्यावर आली, तर साडेनऊ सेकंद लागतात आणि २५५ मीटर अंतर आवश्यक ठरते. चालकाची नजर मात्र जुन्या सवयीने १९५ मीटरच मोजत असते. अपघाताचे बीज या ६० मीटरांत असते.

आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत स्वयंचलित गिअरच्या मोटारी सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांचा पिकअप कमी झाला की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक पाहता दोष बहुधा अन्यत्र आणि पुष्कळदा अल्प खर्चात दूर होणारा असतो. हे निदान क्रमाक्रमाने कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चार प्रकारची यंत्रणा

निदानापूर्वी आपल्या मोटारीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे, हे माहीत असले पाहिजे. सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी योजलेल्या द्रवचलित जोडणीचे एकस्व १९०५ साली घेतले. त्या तत्त्वावर पुढे मोटारींचे गिअर रचले गेले. अमेरिकेत १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आला. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाने फिरविलेले एक चक्र तेल ढकलते व त्या तेलाच्या जोराने समोरचे दुसरे चक्र फिरते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये सलग लोखंडी जोडणी नसून तेलाचा प्रवाह असतो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व्ह घडविणाऱ्या कारागिरांना हे तत्त्व नवे नाही.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन कप्प्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो आणि कप्प्यांचा व्यास आवश्यकतेनुसार कमी-अधिक होतो. तिसरा प्रकार एएमटी. याचा गिअरबॉक्स साध्या मोटारीचाच असतो. क्लच दाबणे व गिअर बदलणे ही कामे चालकाऐवजी एक यांत्रिक हात करतो. भारतात २०१४ साली मारुती सेलेरियो या मोटारीपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. चौथा प्रकार दुहेरी क्लचचा होय. विषम गिअरांना एक व सम गिअरांना दुसरा क्लच असल्यामुळे त्यात गिअर अत्यंत त्वरेने बदलतात.

निदानाचा पहिला प्रश्न

पिकअप नाही, या एकाच तक्रारीखाली दोन अगदी भिन्न दोष दडलेले असतात. इंजिन शक्ती निर्माणच करीत नाही, हा एक. इंजिन शक्ती निर्माण करते, पण ती चाकांपर्यंत पोहोचत नाही, हा दुसरा. यांतील भेद ओळखण्याचे साधन चालकाच्या डोळ्यांसमोरच असते. ते म्हणजे इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर सोबत्याला शेजारी बसवून काट्यावर लक्ष ठेवण्यास सांगावे. चालकाने काट्याकडे पाहत बसू नये. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच काटा झपाट्याने चढला, इंजिनाचा आवाज वाढला, परंतु वेग त्या मानाने वाढला नाही, तर शक्ती वाटेत निसटत आहे. म्हणजेच क्लच अथवा गिअरबॉक्सचा विचार करावा. उलट, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही काटा जड पावलांनीच चढत असेल, तर इंजिनाचा दम कमी पडत आहे किंवा चाकांना कोणीतरी अडवून धरले आहे. सीव्हीटीला मात्र येथे अपवाद करावा लागतो. तिचा काटा आधी वर जाणे व वेग मागाहून वाढणे हे तिच्या रचनेतच आहे. तेवढ्यावरून ती घसरते असे म्हणता येत नाही.

एक अनुभव

हा प्रश्न वगळला तर काय होते, याचे एक उदाहरण लेखकाच्या परिचयातील आहे. निपाणीचे एक सेवानिवृत्त शिक्षक पत्नीच्या औषधोपचारासाठी दर आठवड्याला बेळगावास जात. त्यांची मोटार लहान, एएमटी पद्धतीची. पावसाळ्यानंतर तवंदीचा घाट चढताना ती अडखळू लागली. मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले. एकदा तर ट्रॅक्टर ओलांडताना समोरून एस.टी. आली आणि अर्ध्यातून ब्रेक लावून त्यांना मागे सरावे लागले. त्या दिवसापासून पत्नी गाडीत डोळे मिटून बसू लागल्या. एका गॅरेजने क्लच आणि गिअर बदलणारी यंत्रणा बदलावी लागेल, असे सांगून पाच आकडी खर्चाचा अंदाज दिला. रुग्णालयासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात जाणार होती.

शेवटी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून ते एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी शेजारी बसून गाडी चालवावयास सांगितले आणि स्वतः काट्यावर नजर ठेवली. काटा चढेना. ते म्हणाले, “गुरुजी, क्लच घसरत असता तर काटा वर पळाला असता. हिथं इंजिनालाच दम न्हाई. आधी त्याला वारा मिळतोय का बघूया. गिअरबॉक्स काय पळून जात न्हाई.” एअर फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा आत उंदराने वाळक्या गवताचे व चिंध्यांचे घर केलेले आढळले. डबा साफ झाला, नवा फिल्टर बसला आणि काही शे रुपयांत मोटार पूर्ववत धावू लागली.

पहिल्या गॅरेजचा हेतू वाईट होता, असे यावरून म्हणावयाचे नाही. एएमटीत क्लच झिजतो, ही गोष्ट खरीच आहे. चूक एवढीच की पहिला प्रश्न विचारलाच गेला नाही.

दोष नसताना दोष वाटणे

काही वेळा मोटारीत कोणताच बिघाड नसतो. हवेचा विचार प्रथम करू. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० मीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून चंदगडमार्गे बेळगावास येणाऱ्या मोटारीला येथे सात-आठ टक्के शक्ती कमी मिळते. त्यात पाच माणसे, सामान व वातानुकूलन यांची भर पडली की मोटार जड वाटणारच. टर्बो असलेल्या इंजिनात हा फरक पुष्कळ कमी जाणवतो.

चालविण्याची सवयही कारणीभूत असते. साध्या गिअरची मोटार चालविलेले चालक अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबतात. टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटीच्या मोटारींत त्वरित वेग हवा असल्यास अ‍ॅक्सिलरेटर निश्चयाने, जवळजवळ तळापर्यंत दाबावा लागतो. तेव्हाच यंत्रणा खालच्या गिअरमध्ये उतरते. एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते. हा तिचा स्वभाव आहे. त्या क्षणी पाय किंचित सैल केल्यास धक्का कमी बसतो. घाटात किंवा ओलांडण्यापूर्वी हाताने गिअर निवडण्याची सोय वापरून खालचा गिअर आधीच घ्यावा. काटकसरीच्या चालीचे ‘इको’ बटण चालू राहिले आहे काय, हेही पाहावे.

इंधनाचा उल्लेख येथे करणे उचित ठरेल. आपल्या ऊसपट्ट्यात तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. याचा परिणाम मुख्यतः मायलेजवर होतो. पिकअप एकाएकी मरण्याचे ते कारण नव्हे. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेल्यास पाणीमिश्रित इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसतो व इंजिन अडखळते. यास्तव पावसाळ्यात दीर्घकाळ उभी राहिलेली मोटार असेल, तर इंधनाची तपासणी अवश्य करावी.

तपासणीचा क्रम

तपासणी स्वस्त व सोप्या गोष्टींपासून आरंभावी आणि खर्चिक गोष्टींकडे जावे.

पहिली गोष्ट पायदानाची. अ‍ॅक्सिलरेटरखाली एकावर एक अंथरलेले पायपुसणे सरकले, तर तो पूर्ण दाबला जात नाही. हे पाहण्यास एक मिनिट पुरते.

दुसरी गोष्ट चाकांची. टायरमधील हवा चालकाच्या दारानजीकच्या पट्टीवर दिलेल्या मापाप्रमाणे भरावी. त्यानंतर ब्रेक अडकत नाहीत ना, हे पाहावे. पावसाळ्यात हँडब्रेकची तार किंवा ब्रेकचा पिस्टन गंजून चिकटतो व चाक सतत घासत राहते. काही किलोमीटर चालवून, ब्रेकचा वापर शक्य तितका टाळून, मोटार उभी करावी आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात धरून उष्णतेचा अंदाज घ्यावा. धातूला स्पर्श करू नये. एकच चाक विशेष तापले असेल, तर दोष तेथे आहे.

तिसरी गोष्ट हवेची. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. तांबड्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या मोटारींचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीच चोंदतो. टर्बो असलेल्या मोटारीत हवेची रबरी नळी निसटली वा फाटली, तर शिट्टीसारखा आवाज येतो व ओढ एकदम घटते. डिझेल मोटार काळा धूरही सोडते.

चौथी गोष्ट इंधन व ठिणगीची. इंधनाचा फिल्टर चोंदला किंवा पंप अशक्त झाला, तर मोटार सपाटीवर ठीक चालते. चढावर मात्र दम टाकते. स्पार्क प्लग वा इग्निशन कॉइल बिघडली, तर इंजिन थरथरते व दिवा लुकलुकू लागतो. दिवा लुकलुकत असताना मोटार ताणू नये. न जळलेले इंधन उत्सर्जन नळीतील शुद्धीकरण यंत्रात पेटून ते निकामी होते.

पाचवी गोष्ट उच्छ्वासाची. ते शुद्धीकरण यंत्र चोंदले, तर आरंभी मोटार बरी चालते. वेग वाढवू जाता कोणी मागे ओढावे तशी अडते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मानकांच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीची ही गाळणी भरते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर काही वेळ सलग चालविल्यास ती बहुधा आपोआप स्वच्छ होते.

सहावी गोष्ट दोषसंकेतांची. आधुनिक मोटारीचा संगणक बिघाडाची नोंद ठेवतो आणि गॅरेजमधील स्कॅनर ती वाचून दाखवितो. पी ०३०० म्हणजे ठिणगी चुकणे, पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अधिक होणे, तर पी ०७०० म्हणजे गिअरच्या संगणकाने स्वतंत्र तक्रार नोंदविलेली असणे. संकेत म्हणजे निकाल नव्हे; कोठे शोधावे याची ती दिशा होय. संकेत पुसण्यापूर्वी तो कागदावर लिहून घ्यावा.

गिअरबॉक्सची पाळी

वरील सर्व गोष्टी निर्दोष आढळल्या, अथवा काट्याने शक्ती निसटत असल्याचे आरंभीच दाखविले, तर गिअरबॉक्सकडे वळावे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मोटारीत प्रथम तेल पाहावे. तेल कमी असेल तर दाब पडत नाही व आतील क्लच घसरतात; अधिक असेल तर फेस होऊन तोच परिणाम घडतो. तेलमापक पट्टी असल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनेच माप घ्यावे. कारण काही मोटारींत इंजिन चालू ठेवून, तर काहींत ते बंद करून पाहावयाचे असते. अनेक नव्या मोटारींत पट्टीच नसते व हे काम गॅरेजमध्येच होते. लाल रंगाचे तेल तपकिरी होऊन त्यास करपट वास येत असेल, तर आतील क्लच जळत आहेत. दुधाळ दिसत असेल, तर पाणी शिरले आहे. पुराच्या पाण्यातून मोटार नेलेली असल्यास हे विशेषत्वाने तपासावे.

उभ्या स्थितीतून निघताना मोटार अत्यंत मंद, परंतु एकदा वेग घेतल्यावर ठीक, असे लक्षण असेल, तर कन्व्हर्टरमधील मधले चक्र आपली एकेरी पकड गमावून बसले असण्याचा संभव असतो. मोटार निघतानाच तिसऱ्यासारख्या वरच्या गिअरमध्ये अडकून राहत असेल आणि दिवा लागला असेल, तर संगणकाने अधिक हानी टाळण्यासाठी संरक्षक चाल पत्करलेली असते. अशा वेळी ओलांडण्याचा मोह टाळून डाव्या बाजूने सावकाश गॅरेज गाठावे.

सीव्हीटीत विहित केलेलेच तेल घालावे. साधे गिअर ऑइल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे तेल घातल्यास पट्टा घसरून कप्प्यांवर ओरखडे पडतात. एएमटीत क्लच प्लेट झिजल्यास काटा चढतो, वेग वाढत नाही आणि करपट वास येतो. नवी प्लेट बसविल्यावर स्कॅनरच्या साहाय्याने यंत्रणेला क्लचचा नवा पकडबिंदू शिकवावा लागतो. ही पायरी गाळल्यास नव्या क्लचनेही मोटार झटके देते. दुहेरी क्लचच्या काही मोटारी गर्दीत रांगत चालल्याने तापतात व तशी सूचना फलकावर येते. तेव्हा बाजूला थांबून त्यांस थंड होऊ द्यावे.

वर्ज्य गोष्टी

चढावर मोटार अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये. ब्रेक वा हँडब्रेक वापरावा. एएमटी व दुहेरी क्लच यांचे आयुष्य या एका सवयीने निम्मे होऊ शकते. ब्रेक दाबून इंजिन ताणण्याची चाचणी घरी करू नये. ती काही सेकंदांतच तेल उकळविते आणि मोटार सुटण्याचाही धोका असतो. घाट उतरताना गिअर न्यूट्रलमध्ये टाकू नये. बंद पडलेली मोटार दोराने ओढून नेण्याऐवजी चालकचाके उचलून किंवा सपाट गाडीवर चढवून न्यावी; अन्यथा गिअरबॉक्स तेलाविना फिरतो.

समारोप

गॅरेजमध्ये जाताना ‘पिकअप नाही’ एवढेच सांगून थांबू नये. दोष केव्हापासून आला, इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, सपाटीवर येतो की चढावर, काटा चढतो की नाही, कोणता दिवा लागतो आणि शेवटची दुरुस्ती कोणती झाली, या सहा प्रश्नांची उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून न्यावीत. मोठ्या खर्चाचा अंदाज मिळाल्यास तो कोणत्या तपासणीवर आधारलेला आहे, हे नम्रपणे विचारावे. जाणता कारागीर अशा प्रश्नाने रागावत नाही.

आणि दोष सापडेपर्यंत एक पथ्य कसोशीने पाळावे. मंद झालेल्या मोटारीने दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर कोणासही ओलांडू नये. ट्रॅक्टरमागे राहिल्याने संकेश्वर ते गडहिंग्लज या वाटेवर काही मिनिटे जातील, एवढेच. वर उल्लेखिलेल्या गुरुजींच्या पत्नी आता प्रवासात डोळे उघडे ठेवून बसतात आणि तवंदीच्या घाटातून दिसणारी शेते पाहतात. प्रत्येक कुटुंबाचा प्रवास असाच निर्धास्त व्हावा, यासाठी एवढी दक्षता आपल्या हाती आहे.